मदत हवी आहे: पडद्यावर असलेलं, तबकडीवर नसलेलं कडवं

मंडळी, आत्याच्या पंचाहत्तरीला तिच्या आवडीची जुनी हिंदी गाणी एकत्र करून देतोय. यादी तयार आहे, पण ती प्रत्येक गाण्याला म्हणते, "अरे, मधलं एक कडवं गेलं की!" आधी वाटलं, तिचाच गोंधळ होतोय. मग चित्रपट लावून पाहिले, तर दोन ठिकाणी आत्याच बरोबर निघाली!

कारण उघड आहे. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यामुळे लांब गाण्याला कात्री लागायची, नाहीतर ते दोन बाजूंवर विभागलं जायचं. लेबलवरही भरवसा नाही. 'महल' (१९४९) मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंऐवजी पात्राचं नाव, 'कामिनी', छापलं होतं.

तर १९४९ ते १९६० या काळातली, चित्रपटात जास्त कडवी असलेली कोणती गाणी तुम्हाला आठवतात? आणि चित्रपटातून गाणं काढताना मध्येच येणारे संवाद, पावलांचे आवाज कसे कमी करता? मी प्रयत्न केला, तर व्हायोलिनच गायब झाली. रीमिक्स कृपया सुचवू नका, आत्या घराबाहेर काढेल.