मदत हवी आहे: अकाईच्या स्पूल डेकवर हाफ-ट्रॅक टेप वाजवायच्या आहेत, हेड बदलू का?

नमस्कार मंडळी,

आमचे मामा १९६६ साली जर्मनीहून परतले ते ग्रुंडिगचा टेपरेकॉर्डर घेऊनच. पुढची वीसेक वर्षं घरात जे कानावर पडलं ते त्यांनी टेप केलं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गल्लीतलं भजन, रेडिओवरच्या श्रुतिका, माझ्या आईच्या लग्नातला गोंधळ (दोन्ही अर्थांनी). मशीन केव्हाच भंगारात गेलं. स्पूल मात्र मामींनी नऊवारींच्या ट्रंकेत ठेवले म्हणून वाचले. एकूण ४१ आहेत.

ते ऐकायला म्हणून दिवाळीत जुना अकाई ४०००डीएस घेतला. बेल्ट बदलला, हेडं (टेपवरचा आवाज लिहिणारे-वाचणारे भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, रबराचा रोलर साफ केला. मशीन ठणठणीत चालतंय.

घोळ असा, की ओव्यांचा स्पूल लावला की डाव्या स्पीकरमधून आजी स्वच्छ ऐकू येते आणि उजव्यातून अगदी बारीक आवाजात कुणीतरी उलटं बोलतं. पहिल्या रात्री घरात एकटाच होतो. खरं सांगतो, मशीन बंद करून झोपलो.

शोधाशोध केल्यावर एवढं कळलं की माझं मशीन क्वार्टर-ट्रॅक स्टिरिओ आहे आणि मामांचं बहुधा हाफ-ट्रॅक मोनो होतं. इथला दुरुस्तीवाला म्हणतो, "हेडच बदलून टाकू, हाफ-ट्रॅकचं बसवू, सगळं वाजेल." खरंच सगळं वाजेल का? आणि मला रेकॉर्डिंग कधीच करायचं नाही, तर रेकॉर्ड हेड काढून त्या जागी दुसरं प्ले हेड बसवायचं आणि बटणाने अदलाबदल करायची, असं जमतं का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सोल्डरिंग येतं, पण पाव इंची टेपच्या बाबतीत मी नवशिका आहे.

– ट्रंकेतला स्पूल

प्रतिसाद: जुना खुंट

थांबा. पान्याला हात लावू नका.

मी उभी हयात रेकॉर्डिंगच्या खोलीत काढली, म्हणून जरा अधिकाराने सांगतो. टेप ६.३ मिलिमीटर रुंद. हाफ-ट्रॅक मोनोत वरचा पट्टा एका बाजूचा आणि खालचा पट्टा स्पूल उलटवल्यावरचा. प्रत्येक पट्टा साधारण सव्वादोन मिलिमीटर, मध्ये मोकळी जागा. क्वार्टर-ट्रॅकमध्ये त्याच रुंदीत चार पट्टे, एकेक जेमतेम १ मिलिमीटरचा. वरून पहिला आणि तिसरा सुलट दिशेचे, दुसरा आणि चौथा उलट दिशेचे. तुमच्या हेडचा डावा भाग पहिल्या पट्ट्यावर असतो, म्हणजे मामांच्या वरच्या रुंद पट्ट्याच्या पूर्ण आत. म्हणून आजी स्वच्छ. उजवा भाग तिसऱ्या पट्ट्यावर, तो मामांच्या खालच्या पट्ट्याच्या काठाला थोडासा शिवतो. तिथे दुसरी बाजू आहे, आणि ती उलटीच ऐकू येणार. भूत वगैरे काही नाही, स्पूल उलटवा, तेच गृहस्थ सरळ बोलतील. आणि तेही डाव्याच स्पीकरमधून.

म्हणजे मोनो टेपांना हेड बदलायची गरजच नाही. डाव्या चॅनलचं आउटपुट दोन्हीकडे द्या, उजवं तोडा. दहा रुपयांच्या स्विचचं काम. अर्धाच पट्टा वाचला जातो, म्हणून खरखर पूर्ण हेडच्या मानाने ३ डेसिबलने वाढते. आजीच्या ओव्यांना ती खपून जाते. उलट अरुंद हेडचा एक फायदाच आहे, अझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) थोडा चुकला तरी वरचे स्वर तितके मरत नाहीत.

हाफ-ट्रॅक हेड बसवलंत तर मात्र क्वार्टर-ट्रॅकच्या टेपा कायमच्या हुकल्या. ते हेड पहिला आणि दुसरा पट्टा एकदम वाचेल, एक सुलटा आणि एक उलटा, खिचडी. ती नंतर कशानेही निवडता येत नाही. दुरुस्तीवाल्याला हे माहीत नसेल असं वाटत नाही.

आधी ४१ स्पूल पाच-पाच मिनिटं ऐका आणि डब्यावर लिहून ठेवा. दोन्हीकडे तंतोतंत तेच आलं तर फुल-ट्रॅक, म्हणजे अख्ख्या रुंदीवर एकच पट्टा. उजवीकडे बारीक आणि उलटं, तर हाफ-ट्रॅक मोनो. डावीकडे भजन आणि उजवीकडे श्रुतिका, दोन्ही सुलट, तर क्वार्टर-ट्रॅक मोनो. काटकसरी माणसं एका टेपवर चार कार्यक्रम घालायची. आणि एकच मैफल, पण उजवी बाजू खोल गेलेली, खरखरीत, असं असेल तर हाफ-ट्रॅक स्टिरिओ. खरी अडचण फक्त त्या शेवटच्यांची.

प्रतिसाद: सोल्डरवाली

खुंटकाकांना +१. एक भर. कानाने कळलं नाही तर चुंबकीय क्षेत्र दाखवणारी फिल्म मिळते, ती टेपवर ठेवली की पट्टे चक्क डोळ्यांना दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा तास तेच करत बसले होते.

आणि रेकॉर्डची कळ आजच जाम करा. खालून सरळ अडसर घाला. रेकॉर्ड हेडच्या वायरी काढून भागेल असं समजू नका. चुकून कळ दाबली गेली आणि इरेज हेड (टेप पुसणारं) चालू झालं तर आजी परत यायची नाही.

प्रतिसाद: ट्रंकेतला स्पूल

दोघांचेही मनापासून आभार. काका, तुमच्या पद्धतीने दोन आठवडे बसून यादी केली. २७ हाफ-ट्रॅक मोनो, ४ क्वार्टर-ट्रॅक मोनो (एकात डावीकडे हरिपाठ आणि उजवीकडे क्रिकेटची कॉमेंटरी!), ७ क्वार्टर-ट्रॅक स्टिरिओ. उरलेले ३ तुम्ही म्हणालात तसेच, उजवा तानपुरा विहिरीतून आल्यासारखा. मामांच्या एका मित्राने सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगावर घरच्या मैफली घेतल्या होत्या, त्या या.

तीन स्पूलांसाठी काय करू? हेड थोडं खाली सरकवलं तर?

प्रतिसाद: जुना खुंट

सरकवता येतं. स्टिरिओच्या हाफ-ट्रॅकमध्ये पट्टे २ मिलिमीटरच्या आसपास आणि मधली मोकळी जागाही जवळपास तेवढीच. तुमचं उजवं हेड त्या मोकळ्या जागेत लटकतंय, पट्ट्याला जेमतेम शिवतंय. अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली गेलं की दोन्ही बाजू भरून येतात. पण मग सात क्वार्टर-ट्रॅक स्पूलांवर शेजारचा पट्टा डोकावणार, म्हणजे दर वेळी उंची आणि अझिमथ नव्याने लावत बसा. मी असलं दुपारभर केलंय. पुन्हा करणार नाही.

त्यापेक्षा तुमची पहिली कल्पना बरी. ती नवीही नाही. ओटारीच्या एमएक्स ५०५० आणि टेक्निक्सच्या आरएस-१५०० मध्ये कारखान्यातूनच चौथं हेड यायचं. मशीन हाफ-ट्रॅकचं, आणि क्वार्टर-ट्रॅक वाजवायला वेगळं हेड, स्विच टाकला की झालं. तुम्ही तेच उलट्या बाजूने करताय.

हेड घेताना इंडक्टन्स (हेडमधल्या तारेच्या वेटोळ्याचा विद्युत गुण) मोजून जुन्या प्ले हेडच्या जवळपासचा घ्या, नाहीतर वरचे स्वर एकतर कर्कश होतील किंवा बसतील. नव्या हेडचं तोंड जुन्याइतकंच पुढे आलं पाहिजे, टेप त्यावर नीट टेकली पाहिजे. अदलाबदल करायचा रिले (विजेवर चालणारा स्विच) हेडच्या अगदी जवळ, शिल्डेड वायरने. सिग्नल फार क्षीण असतो, पुढच्या पॅनेलपर्यंत वायर ओढत नेऊ नका. जुनं रेकॉर्ड हेड आणि त्याचे स्क्रू डबीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून ठेवा.

प्रतिसाद: ट्रंकेतला स्पूल

महिन्याने हजेरी लावतोय. एका मोडीत निघालेल्या मशीनचं हाफ-ट्रॅक प्ले हेड मिळालं. इंडक्टन्स जुळला. खाली पितळेचे पातळ वॉशर घालून उंची आणली. रिले बसवला. तानपुरा विहिरीतून वर आला!

पण त्याच्यासोबत "हूंऽऽ" अशी गुणगुणही आली. जुन्या हेडवर टाकलं की गायब. हेडभोवती अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून पाहिली, काडीचा फरक नाही.

प्रतिसाद: सोल्डरवाली

५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तुमची पोळ्यांची फॉइल काय अडवणार! टेप न लावता आवाज वाढवा आणि मोटर चालू-बंद करून पाहा. मोटर थांबल्यावर गुणगुण थांबली तर ती मोटरकडूनच येतेय. तुमच्या मशीनमध्ये सगळं काम एकच मोटर करते. मूळ प्ले हेडला म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं) कवच असतं, रेकॉर्ड हेडच्या जागेला तसं लागत नाही, म्हणून कारखान्याने दिलेलं नसेल. एखाद्या मेलेल्या डेकमधलं म्यू-मेटलचं कवच काढून बसवा. ते वाकवू-ठोकू नका, ठोकलं की त्याचा गुण जातो. आणि शिल्डचं अर्थिंग एकाच टोकाला.

प्रतिसाद: ट्रंकेतला स्पूल

मोटरच होती. कवच बसवलं, गुणगुण इतकी खाली गेली की गाणं सुरू झाल्यावर कळत नाही. दोन स्पूल संगणकावर उतरवून झाले. तिसरा सुरुवातीलाच तुटतोय, जुन्या जोडावर. तिथे कुणीतरी साधी चिकटपट्टी लावली होती, ती पिवळी पडून गोंद पुढच्या दोन वेढ्यांना लागलाय.

प्रतिसाद: जुना खुंट

गुंडाळलेला स्पूल उजेडासमोर धरा. वेढ्यांतून उजेड आरपार दिसला तर टेप बहुधा अॅसिटेटची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची), ती ओढली की ताणत नाही, तटकन तुटते. वेढे हाताने हळू सोडवा, मशीनने नाही. गोंद टेपच्या पाठीवरून कापसाने टिपा. अल्कोहोल लावायच्या आधी कोऱ्या टोकावर थेंबभर लावून पाहा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ब्लेडने ४५ अंशात कापा आणि स्प्लायसिंग टेप (टेप जोडायची खास चिकटपट्टी) पाठीच्या बाजूने लावा, हेडकडच्या बाजूने नाही. टेपपेक्षा ती कणभर अरुंद असते, कडेला बाहेर येऊ देऊ नका. ब्लेड आधी डीमॅग्नेटाइझ करा, म्हणजे त्याचं चुंबकत्व घालवा, नाहीतर प्रत्येक जोडावर "टक" ऐकू येईल.