बेंचमार्क आणि निकष: एक नव्हेत

भाषांतरात 'बेंचमार्क' हा इंग्रजी शब्द आला की निकष, मापदंड, मानदंड, कसोटी यांतला जो आधी आठवेल तो ठोकून द्यायचा, असं सर्रास चालतं. माझा आक्षेप मुख्यतः 'निकष'वर आहे. निकषात बसावं लागतं. बसलात तर आत, नाहीतर बाहेर. बेंचमार्क कुणाला पास-नापास करत नाही, आपण त्याच्या किती वर आहोत किंवा किती खाली, एवढंच सांगतो.

शब्द मूळचा जमिनीच्या सर्वेक्षणातला. दगडात किंवा पक्क्या भिंतीत छिन्नीने आडवी खाच पाडायची. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे बनवणाऱ्या संस्थेच्या खुणेत तिच्याखाली वर टोक असलेला बाणही असे. खाचेत लोखंडी कोन बसवला की मोजपट्टी टेकवायला बैठक तयार. ही बैठक म्हणजे 'बेंच'. त्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की ठाऊक, म्हणून आजूबाजूच्या उंच्या तिच्यावरून काढता येतात. पारिभाषिक शब्द 'तलचिन्ह', पण साइटवर सगळे 'बीएम'च म्हणतात. खूण टेकडीवर आहे की खड्ड्यात, याने काही बिघडत नाही. ती हलता कामा नये, बस्स. त्यामुळे 'आदर्श' हा अर्थही इथे बसत नाही.

संगणकवाल्यांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. ड्राइस्टोन ही प्रोसेसरचा वेग मोजायची जुनी चाचणी. व्हॅक्स ११/७८० हे १९७७ सालचं यंत्र तिच्या सेकंदाला १७५७ फेऱ्या करी, तोच वेग 'एक' धरला गेला. दुसऱ्या प्रोसेसरच्या फेऱ्यांना १७५७ ने भागलं की त्याचा आकडा मिळतो. व्हॅक्स कधीच भंगारात गेलं, भाजक मात्र अजून चालू आहे! (या क्षेत्रात चाचणीलाच बेंचमार्क म्हणतात. तिथे 'कसोटी' शब्द खुशाल वापरा.)

गुंतवणुकीत बघा. म्युच्युअल फंडाने वर्षात १२ टक्के दिले म्हणून खूश व्हावं, तर त्याच्या बेंचमार्क निर्देशांकाने, म्हणजे ज्याच्याशी त्याची तुलना होते त्या निर्देशांकाने, १५ दिलेले असतात. उलट निर्देशांक १० टक्के पडला आणि फंड ७ टक्केच पडला, तर पैसे बुडूनही फंडाने बेंचमार्कला मागे टाकलं. या वाक्यात 'निकषाला मागे टाकलं' घालून पाहा, काही अर्थबोध होतो का! कच्च्या तेलातही तेच. ब्रेंट नावाचं तेल मूळचं उत्तर समुद्रातलं, पण इतर ठिकाणच्या तेलाचे कितीतरी सौदे 'ब्रेंटपेक्षा इतके डॉलर जास्त किंवा कमी' असे ठरतात. ब्रेंट हे सर्वोत्तम तेल आहे असा दावा त्यात नसतो.

राहिलं 'या कामाने नवा बेंचमार्क सेट केला' हे बातम्यांतलं वाक्य. तिथे 'नवा मानदंड घालून दिला' छान बसतं, कारण तिथे दर्जाबद्दलच बोलायचं असतं.

एरवी मी 'संदर्भबिंदू' वापरेन. 'आधारबिंदू' कानाला बरा वाटतो, पण व्याजदराच्या बातम्यांनी तो बेसिस पॉइंटसाठी (टक्क्याचा शंभरावा भाग) आधीच उचलला आहे, नसती गल्लत व्हायची. निर्देशांकापुरतं 'तुलनेचा निर्देशांक' म्हटलं तरी वाचणाऱ्याला नेमकं कळतं.