औंधच्या डोंगरावरची चित्रं खाली शहरात आणावीत का?

फिरस्ता_पुणेकर

सातारा-कोल्हापूर पट्ट्यातली संग्रहालयं सलग बघून आलो. तेव्हापासून एक मुद्दा डोक्यात घोळतोय, तो मांडतो. शिव्या घालायच्या तर पूर्ण वाचून घाला.

औंध, तालुका खटाव. यमाई देवीच्या डोंगरावर, वरच्या मूळपीठ देवळाच्या वाटेवर भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारलं. आत राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे, धुरंधरांची चित्रं आहेत, पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रं, हस्तिदंताचं काम आणि चक्क इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'माता आणि मूल' हे दगडी शिल्प. यातली निम्मी चित्रं मुंबईत असती तर दारात रांग लागली असती. इथं मी होतो, एक कुटुंब होतं आणि देवीहून उतरताना सावलीला आलेली चार माणसं.

म्हणून माझं म्हणणं असं, की निवडक पंचवीसेक वस्तू पुण्या-मुंबईत हलवाव्यात. तिथं तज्ज्ञ आहेत, अभ्यासक आहेत, बघणारे आहेत. कोथरूडचा मस्तानी महाल काका केळकरांनी आपल्या पुण्यातल्या संग्रहालयात आणून उभा केला, म्हणून आज तो बघायला तरी मिळतो. जागेवरच ठेवायचा हट्ट धरला असता तर तिथं आता पार्किंग असतं.

खटावकर

पूर्ण वाचलं. आता शिव्या घालतो.

साहेब, मस्तानी महाल पडायला आला होता म्हणून हलवला. औंधची इमारत संग्रहालय म्हणूनच बांधलेली आहे. दोन्ही गोष्टी एकाच तागडीत कशा घालता?

पंतप्रतिनिधींना ही चित्रं पुण्यातल्या वाड्यात टांगता आली नसती का? ते स्वतः चित्रकार. रामायणावरची त्यांची चित्रं आहेत, सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी केला, वेदांचे अभ्यासक सातवळेकर पंडितांना औंधात आणून बसवलं. संग्रहालय झालं १९३८ला आणि पुढच्याच वर्षी, १९३९ला, गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्याचा कारभार प्रजेच्या हाती दिला. हा दुष्काळी मुलूख. जत्रेला आलेल्या शेतकऱ्याला युरोपातलं शिल्प आणि रविवर्म्याचं चित्र बघता यावं, असं ज्या राजाच्या मनात आलं, त्याचा संग्रह तुम्ही 'बघणारे कमी आहेत' म्हणून उचलणार? सावलीला आलेली ती चार माणसं तुम्ही मोजलीच नाहीत. संग्रहालय त्यांच्यासाठीच आहे.

आणि पंचवीस वस्तू नेल्यावर काय होईल तेही सांगतो. दोन वर्षांत 'आता तिथं बघण्यासारखं काही नाही' असा शेरा पडेल. मग पदं भरायची नाहीत, मग छत गळेल, मग उरलेलंही शहरात.

माणदेशी_मिरची

+१. शिवाय मुंबईची दमट हवा! आमच्या कोरड्या हवेत चित्रं शंभर वर्षं टिकतील. तिकडं पावसाळ्यात बुटांवर बुरशी येते.

कॅनव्हास_काकू

मी चित्रांच्या संवर्धनाचं काम करते, म्हणून हवेच्या मुद्द्यावर बोलते. दमटपणाने बुरशी धरते हे खरं, पण हवा कोरडी असली म्हणजे झालं असं नाही. तैलचित्राचं खरं नुकसान चढउताराने होतं. कापड हवेतली ओल शोषून सैल पडतं, कोरडं पडलं की ताणतं. त्यावरचा जुना रंग आता कडक झालेला असतो, त्याला ही हालचाल सोसत नाही. तो तडकतो आणि पापुद्रे सुटतात. माणदेशात उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांत किती फरक पडतो ते तुम्हीच सांगा. मुंबईत निदान यंत्र लावून हवा एकसारखी ठेवता येते. वीजबिल भरलं तर, अर्थात.

पण फिरस्ता, तुम्हीही खूश होऊ नका. अशी जुनी चित्रं घाटातून ट्रकने नेणं हेच मोठं जोखमीचं काम आहे. धक्क्यांनी सुटत आलेला रंग झडतो. हलवण्याआधी प्रत्येक चित्र तपासून, सुटा रंग बसवून, त्याच्या मापाची पेटी करावी लागते. तेवढाच खर्च जागेवर केलात तर हलवायची गरज उरणार नाही. एका तालुक्याच्या गावातल्या संग्रहालयात (नाव घेत नाही) लघुचित्रावर थेट खिडकीचं ऊन पडलेलं मी पाहिलंय. उपाय काय, तर जाड पडदा. त्यासाठी मुंबई कशाला लागते?

तगरवासी

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं उदाहरण द्यायलाच हवं. गोरोबाकाकांचं तेर म्हणून सगळ्यांना माहीत, पण त्याआधी ते तगर होतं. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख आहे, इथला माल भडोचला जाऊन पुढं समुद्रापार जायचा. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांत मणी, नाणी, मातीच्या मूर्ती सापडायच्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षं गोळा केल्या. ना पदवी, ना पद. त्यातूनच आजचं संग्रहालय झालं. ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती त्यातलीच.

गावात कोणी जमवणारा नसता तर या वस्तू शहरात गेल्या नसत्या, त्या पोरांच्या खेळण्यात गेल्या असत्या. वस्तू गावात राहते म्हणून गावाला नांगराच्या फाळाला लागलेलं खापर उचलून बघायची सवय लागते.

फिरस्ता_पुणेकर

तेरच्या मूर्तीचं बरं काढलंत. तशीच हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडली. ती आज आहे कुठे? नेपल्सच्या संग्रहालयात. पाँपेईकरांवर अन्याय झाला म्हणून कोणी गळा काढत नाही. उलट नेपल्सला आहे म्हणून जगभरचे लोक बघतात, आणि तिच्यामुळे तेरचं नाव परदेशी पुस्तकांत येतं.

तगरवासी

नेपल्स पाँपेईपासून पंचवीसेक किलोमीटर. आमच्या भाषेत जिल्ह्याचं ठिकाण. तेर ते मुंबई चारशेच्या वर. धाराशिवला नेताय का बोला, मग बसून ठरवू.

रंकाळ्यावरून

तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरून भांडताय, की शहरात वस्तू आली की माणसं येतात. आमच्याकडे या.

कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४०च्या दशकात खोदकाम झालं. त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. भूमध्य समुद्राकडची वस्तू पंचगंगेच्या काठाला! ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. सीपीआर हॉस्पिटलसमोर, अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याइतकी जवळ. म्हणजे तुम्ही मागताय ते सगळं आहे. शहर आहे, रेल्वे आहे, वर्षभर भाविकांचा लोंढा आहे. विचारा त्यातल्या कुणाला पोसायडन पाहिला का. देवळातून बाहेर पडला की माणूस पन्हाळ्याला जातो, नाहीतर कणेरी मठावर सिमेंटचे पुतळे बघायला. पोसायडन बसलाय एकटा. आता त्याला कुठं हलवू, पॅरिसला?

जात्यावरची_ओवी

कणेरी मठाला नाक मुरडू नका हो. आमच्या आजीला घेऊन गेलो होतो. मोट, घाणा, बलुतेदारांची अवजारं बघून ती थांबेचना, प्रत्येक पुतळ्यापुढं उभी राहून 'हे असं नव्हं, असं धरायचं' म्हणून आम्हालाच शिकवत होती. पोसायडनजवळ तिला सांगायला कोण आहे? काचेआड एक चिठ्ठी, त्यावर 'कांस्यमूर्ती' एवढं लिहायचं आणि लोक येत नाहीत म्हणून रडायचं.

रंकाळ्यावरून

पुतळ्यांवरचं मत बदलत नाही, पण चिठ्ठीचा मुद्दा मान्य. शंभर टक्के.

फिरस्ता_पुणेकर

बरं, कायमचं हलवणं सोडा. उसनं द्यायला काय हरकत आहे? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने वाघनखं तीन वर्षांच्या कराराने दिली, जुलै २०२४मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात ती मांडली. (ती महाराजांचीच का, हा वाद इथं नको. त्यावर दुसरा धागा काढा.) परदेशी संस्था साताऱ्यावर विश्वास टाकते, मग औंधने 'सैरंध्री' सहा महिने मुंबईला का देऊ नये?

खटावकर

द्यावी. पण वाघनखं आली ती मोठ्या शहरातून लहान शहरात. तुम्ही उलटी गंगा सुचवताय. 'सैरंध्री' सहा महिने मुंबईला जाणार असेल, तर त्याच दिवशी मुंबईच्या संग्रहालयातून त्याच तोलाचं काहीतरी औंधला यायला पाहिजे. आमच्या शाळांतल्या पोरांनी बघायला नको? मुंबईच्या संग्रहालयाची बस लहान गावांत फिरते, चांगलंच आहे ते. पण बसमध्ये मांडलेलं आणि भिंतीवर समोर टांगलेलं यांत फरक आहे.

कॅनव्हास_काकू

आणि विमा कोण उतरवणार, परत येताना तपासणी कोण करणार, हे करारात आधी लिहून घ्या. उसन्या वस्तूंची भांडणं तिथंच होतात. शिवाय 'सैरंध्री' प्रवास करण्याच्या स्थितीत आहे का, हे तपासल्याशिवाय तारीख ठरवू नका.

नवखा_वाचक

तुमचं चालू द्या. आम्ही पुण्याहून रविवारी निघतोय, सोमवारी औंध चालेल का?

खटावकर

सोमवार नको, सरकारी संग्रहालयं सहसा बंद असतात. रविवारीच पोचा. रेल्वेने आलात तर रहिमतपूर स्टेशन जवळचं. आधी डोंगर चढून यमाई करा, उतरताना संग्रहालय, म्हणजे पाय दुखत असताना चित्रांपुढं निवांत उभं राहता येतं. पौषात जत्रेच्या वेळी येणार असाल तर गाडी गावाबाहेरच लावा. आणि फिरस्त्याला बरोबर आणा, उरलेलं भांडण वर चढताना करू.