चुनखडकात प्रवासकाळ काढताना सच्छिद्रता कोणती धरायची?

पैनगंगाकाठ:
कोरपना-राजुरा पट्ट्यात पैनगंगा चुनखडकातल्या एका नळपाणी बोअरसाठी संरक्षण हद्द आखायची आहे. वरच्या बाजूला ३०० मीटरवर शोषखड्डे आहेत. पंपिंग टेस्टवरून K (खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता) = १० मी./दिवस, पाणीपातळीचा उतार ०.००५, प्रयोगशाळेत कोअरची (ड्रिलिंगमध्ये निघालेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्याची) सच्छिद्रता २ टक्के. K×उतार÷सच्छिद्रता केलं की वेग २.५ मी./दिवस, म्हणजे १२० दिवस. जंतू तोवर मरतील, असं अहवालात लिहिता येईल का?

काळवट:
नाही, कृपा करून लिहू नका. K बोअरमधून आलाय, सच्छिद्रता हातभर कोअरमधून. पाणी ज्या वाटांनी धावतं त्या कोअरमध्ये सापडतच नाहीत. भेग लागली की कोअर तुटतो आणि प्रयोगशाळेत अखंड तुकडा जातो.

भाजक हवा तो पाणी वाहून नेणाऱ्या भेगांच्या आकारमानाचा. तो ०.०२ टक्के निघाला, तर तुमच्याच आकड्यांनी वेग २५० मी./दिवस होतो. १२० दिवसांचे सव्वा दिवस! K आणि उतार जराही बदललेले नाहीत.

भेगेतला प्रवाह रुंदीच्या घनावर चालतो. १ मि.मी.ची एकच गुळगुळीत भेग साधारण ७० चौ.मी./दिवस ट्रान्समिसिव्हिटी (एकूण वहनक्षमता) देते, ०.१ मि.मी.च्या दहा भेगा मिळून ०.७. पोकळी तेवढीच, वहन शंभरपट वेगळं. त्यात चुनखडक विरघळतो: मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतलेलं पाणी रुंद भेगेतून जास्त जातं, ती आणखी रुंदावते आणि शेजारच्या भेगा मागे पडतात. म्हणून दहा मीटरवर दोन बोअर, एकाला भरपूर पाणी, दुसरं कोरडं.

झिरपा:
याला जोडून इंग्लंडचा चॉक, म्हणजे तिथला मऊ, पांढरा चुनखडक. खडकाची सच्छिद्रता ३५ टक्क्यांच्या आसपास, पण छिद्रांची तोंडं इतकी बारीक की पाणी आत धरून राहतं. निचरा होऊन मिळतं ते १ टक्क्याच्या घरात. छिद्रं साठवतात, भेगा वाहतात. नायट्रेट छिद्रांत शिरलं की दशकानुदशकं झिरपत बाहेर येतं. पैनगंगा चुनखडक उलट घट्ट आहे, त्यामुळे भेगेतलं दूषित पाणी खडकात मुरून सौम्य होण्याची आशाही कमी.

कॅनडातल्या वॉकरटनमध्ये मे २००० मध्ये दूषित नळपाण्यामुळे सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. तिथला खडकही कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडकाच्याच कुळातला. तो सच्छिद्र माध्यम धरून केलेल्या मॉडेलपेक्षा प्रत्यक्ष ट्रेसर चाचण्यांत (पाण्यात खुणेचा पदार्थ टाकून माग काढण्याच्या) पाणी कितीतरी आधी पोहोचलं.

पैनगंगाकाठ:
मग ट्रेसर चाचणीच करायची. युरॅनिन (ट्रेसरचा हिरवट चमकणारा रंग) किती टाकू? बोअरला ताशी १० घनमीटर उपसा आहे.

काळवट:
५ ग्रॅमपासून सुरुवात करा. सगळा रंग २४ तासांत २४० घनमीटरमधून आला तरी सरासरी सुमारे २० मायक्रोग्रॅम प्रति लिटर होईल. शिखर काही पट वर जाईल, पाणी हिरवट दिसू शकतं. म्हणून आरोग्य विभाग आणि ग्रामपंचायतीची संमती आधी. फ्ल्युओरोमीटर (रंगाची चमक मोजणारं यंत्र) लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमच्याही खाली पकडतो, तेव्हा जास्त टाकण्याचा मोह नको.

आधी आठवडाभर रोजचे नमुने घेऊन मूळ पातळी ठरवा. रंग पाण्यात विरघळवून टाका, मागून हजारभर लिटर पाणी सोडा. नमुने पहिले दोन दिवस दर तासाला, मग चार-चार तासांनी, नंतर रोज, किमान तीन आठवडे. शिखरानंतर हळूहळू येत राहणाऱ्या रंगाचं लांबणारं शेपूट मोजलं नाही तर किती रंग परत आला तेच कळत नाही.

चाचण्या फसतात त्या बारीक गोष्टींत. क्लोरीन युरॅनिन नष्ट करतं, नमुना क्लोरिनेटरच्या आधीच्या नळातून घ्या. ऊन रंग उडवतं, बाटल्या गडद काचेच्या हव्यात. रंग हाताळणाऱ्याने नमुन्याच्या बाटलीला हात लावायचा नाही. हातमोज्यावरचा कणभर रंगही खोटं शिखर दाखवतो.

झिरपा:
आणि उन्हाळ्यात रंग आला नाही म्हणून संबंध नाही असं ठरवू नका. पावसाळ्यात पातळी वर चढली की वरच्या कोरड्या भेगा वाहू लागतात. ऑगस्टमध्ये पुन्हा करा, त्याच ठिकाणी, त्याच उपशावर. दरम्यान मोठ्या पावसानंतर पहिले दोन दिवस गढूळपणा आणि विद्युतवाहकता दर तासाला नोंदवा. वाहकता झपकन खाली आली तर पावसाचं ताजं पाणी थेट बोअरपर्यंत पोचतंय. मग रंगाची वाट न बघता शोषखड्डे हलवायला सांगा.