बोट ठरवण्याआधी तिथी बघा
वडिलांना घेऊन मुंबईतल्या मढहून अर्धा दिवस गळाने मासेमारीला जायचंय आणि कुठला रविवार घेऊ असं विचारलंयत, तर मी म्हणेन आधी कॅलेंडरमधली तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, मुंबईत तेव्हा पाणी चार-साडेचार मीटर चढतं उतरतं, पाण्याची ओढ इतकी की गळाला वजनासाठी बांधलेलं शिसं तळाला टिकतच नाही आणि पाणीही गढूळ. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी लहान, ओढ कमी, गळ नीट बसतो, वडिलांनाही बोटीत त्रास कमी होईल. मी दोनदा सुट्टी बघून उधाणातच गेलो आणि दोन्ही वेळा रिकामा आलो, फार वाईट वाटलं होतं.

पापलेटची आशा मात्र ठेवू नका हं, ते जाळ्यातलं काम. गळाला शिंगाळा, ढोमा, नशिबात असेल तर रावस नाहीतर जिताडा.

तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, फोनवरच विचारून घ्या, आमिष, गळ, बर्फ भाड्यात धरलंय का, आणि लाईफ जॅकेट माणशी एक आहे का. नसेल तर सरळ दुसरी बोट बघा, वडील सोबत आहेत. जून-जुलै तर विचारूच नका, बंदी असते.