घरी न सांगितलेले उद्योग: ठाणे-नवी मुंबईकरांनो, आता बोला

आता धपाटा घालायला कोणी येणार नाही, तेव्हा सांगून टाका. अट एकच: पकडले कसे गेलात तेही लिहायचं.

सुरुवात मी करतो. आम्ही वागळे इस्टेटच्या अंगाला राहायचो. तिथल्या कारखान्यांमुळे घरोघरी नटबोल्टांचा डबा असायचाच. एका जाड नटात दोन बाजूंनी दोन बोल्ट, मध्ये फटाक्याच्या टिकल्या. उंच फेकला की डांबरावर पडून असा फट्‌ आवाज निघे, की तळमजल्यावरचे काका बनियनवरच बाहेर येत. एकदा बोल्ट सुटला तो थेट बाबांच्या स्कूटरच्या दिव्यात. आवाजाबद्दल बाबांनी चकार शब्द काढला नाही. फक्त डबा उघडून म्हणाले, "अर्ध्या इंचाचे दोन कमी आहेत."

*

आमची चाळ ठाणे स्टेशनजवळ. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, हे शाळेत घोकलेलं. त्याच मार्गावर आम्ही पाच पैशांची चौकोनी नाणी ठेवायचो. गाडी गेली की नाणं खडीत कुठेतरी उडालेलं. सापडलं तर कागदासारखं पातळ, छाप पार पुसलेला. रुळावर चपटं झालेलं नाणं लोहचुंबक होतं अशी पोरांची पक्की समजूत. अहो, पाच पैसे ॲल्युमिनियमचे, ते कसले चिकटताहेत! एका गँगमनने गाठलं. मारलं नाही, सगळ्यांच्या चपला काढून घेतल्या आणि घरी पिटाळलं. अनवाणी पोरगं दारात आल्यावर आईला वेगळं सांगावं लागत नाही. आजही लोकलचा भोंगा ऐकला की पोटात गोळा येतो, ते सोडा.

*

कळव्यात आम्ही खिळे ठेवायचो, चाकू करायला. त्याने पेन्सिलसुद्धा धड तासली जायची नाही.

*

वाशीला सिडकोच्या घरात आलो तेव्हा लोकल नव्हती, ती १९९२ मध्ये आली. जिकडेतिकडे अर्धवट इमारती आणि रेतीचे ढीग. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवरून रेतीत उडी मारायची. मुलींना जमणार नाही असं एकजण म्हणाला, म्हणून मी त्याच्या आधी मारली. रेतीत विटांचे तुकडे आहेत का, हे तपासायचं काम सगळ्यात लहान पोराकडे. बिचारं!

पण खरी चैन खाडीत. ओहोटीला निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, धरायला उतरायचो. त्या चिखलावरून टणाटण उड्या मारत जायच्या, हाती एक लागेल तर शपथ. पाय पोटरीपर्यंत रुतायचा, उपसताना चप्पल आतच राहायची आणि खारफुटीची वर आलेली मुळं तळव्यांना टोचायची. भरतीची वेळ कोण बघतो? एकदा मागून पाणी चढलं. जुहूगावच्या एका मासे धरणाऱ्या मावशीने शिव्या घालत घालत आम्हाला काठापर्यंत आणलं, तिच्या शिव्यांमुळेच दिशा कळली. नळाखाली धुण्याच्या साबणाने पाय घासले तरी राखाडी चिखल नखांत राहायचा. वास तर विचारूच नका, आईला दार उघडण्याआधीच पत्ता लागायचा.

*

येऊरच्या सहलीत खाजकुयलीच्या शेंगा कागदात बांधून आणल्या, पुढच्या बाकावरच्याच्या कॉलरसाठी. पण बसमध्ये पुडी फाटली ती माझ्याच खिशात.

*

आमच्या इमारतीत दारं समोरासमोर. दोन्ही दारांच्या कड्या सुतळीने एकमेकींना बांधल्या, दोन्ही बेल दाबल्या आणि जिन्यात लपलो. दोन्हीकडून अशी ओढाओढ, की बाहेर आम्हाला हसू आवरेना. त्या दोन बिऱ्हाडांचं पाण्यावरून आधीच बोलणं बंद होतं, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं हे समोरच्याचंच काम. प्रकरण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत गेलं. पकडले गेलो नाही, म्हणजे तुमच्या अटीत मी बसत नाही. काका, दोघांपैकी कोणी हे वाचत असाल तर नमस्कार, मी तिसऱ्या मजल्यावरची. सुतळी आमच्याच घरची होती.