साप्पोरोचा हिमोत्सव, सोबत दोन लहान मुलं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत जपानला जायचं घाटतंय. नवऱ्याचं ऑफिसचं काम तोक्योत आहे, त्याचं तिकीट त्यात निघतं. मग एवढं लांब जातोच आहोत तर वर उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जाऊन साप्पोरोचा हिमोत्सवही बघून घ्यावा, असा विचार आहे. सोबत मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा आणि सासूबाई. सासूबाई चालायला माझ्यापेक्षा खमक्या, पण थंडीत गुडघा कुरकुरतो. आम्ही पुण्याचे. मुलांनी आजवर बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला आणि गोळेवाल्याकडचा.

जेवढं वाचून काढलंय ते आधी सांगते, म्हणजे तेच पुन्हा लिहायचा तुमचा त्रास वाचेल. उत्सव फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आठवडाभर असतो. १९५० साली तिथल्या शाळकरी मुलांनी ओदोरी पार्कात बर्फाच्या सहा मूर्ती केल्या, ती सुरुवात. १९५५ पासून तिथलं स्वसंरक्षण दल (म्हणजे जपानचं लष्कर) त्यात उतरलं आणि मूर्ती इमारतीएवढ्या व्हायला लागल्या. आता तीन जागा आहेत: ओदोरीत बर्फाची मोठी शिल्पं, सुसुकिनोत पारदर्शक बर्फाची कोरीव कामं आणि त्सुदोमेत मुलांच्या घसरगुंड्या.

आता अडलंय ते असं. थंडी नक्की किती आणि अडीच वर्षांच्या पोराला ती झेपेल का? बाबागाडी न्यावी की नको? तो मनात आलं तर चालतो, नाहीतर रस्त्यातच फतकल मारतो. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. आणि मुख्य म्हणजे रोषणाई रात्रीची म्हणतात, आमची मुलं आठला झोपतात. मग जाऊन बघणार काय? मुक्काम किती दिवसांचा ठेवावा?

जे मुलांना घेऊन गेलेत त्यांनी लिहिलंत तर बरं होईल. ‘मुलं मोठी झाल्यावर जा’ हा सल्ला माहेरहून आलेला आहे, तेव्हा तो सोडून. :)

---

प्रतिसाद:

जरूर जा. आम्ही काही वर्षं साप्पोरोत राहत होतो, आमचा मुलगा तिथेच चालायला शिकला.

सगळ्यात आधी झोपेचा प्रश्न, कारण तो प्रश्नच नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे सूर्य पाचच्या आसपास मावळतो. साडेपाचला छान अंधार असतो आणि ओदोरीचे दिवे लागलेले असतात. रात्री दहापर्यंत ते चालू राहतात, पण ते मोठ्यांसाठी. तुम्ही साडेपाच ते साडेसहा बघा, सातला हॉटेलवर, आठला मुलं गार. भारताच्या घड्याळापेक्षा जपान साडेतीन तास पुढे असल्यामुळे पहिले एकदोन दिवस ती आठला झोपायचीही नाहीत, तो फायदाच समजा.

थंडी म्हणाल तर दिवसा शून्याच्या आसपास, रात्री उणे सहा-सात. चीनमधल्या हार्बिनच्या बर्फमहोत्सवाचे उणे वीस-पंचवीसचे आकडे वाचून घाबरला असाल तर ते इथे लागू नाहीत. खरी पंचाईत वेगळीच आहे. बाहेर उणे तीन आणि दुकानात, मेट्रोत, हॉटेलात हीटर भरपूर. मूल आत आलं की पाच मिनिटांत घामाघूम, आणि ओल्या बनियनने परत बाहेर गेलं की हुडहुडी. म्हणून एक जाडजूड स्वेटर नको. आत थर्मल, मधे फ्लीस, वर पाणी न शोषणारा एकसंध स्नोसूट, आणि दारातून आत शिरल्याबरोबर चेन खाली. सुती पायमोजे घालू नका, ओले झाले की वाळत नाहीत. हातमोजे अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र असे घ्या, नाडीने जोडलेले. नाडी जॅकेटच्या एका बाहीतून घालून दुसऱ्या बाहीतून काढायची. नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात एक हरवणार, आणि तो नेमका उजवाच असणार.

हे सगळं पुण्यात शोधत बसू नका. तिथे मुलांच्या कपड्यांच्या साखळी दुकानांत आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांत स्नोसूट स्वस्तात मिळतात. फक्त विमानतळावरून हॉटेलपर्यंत पुरेल एवढं ऊबदार अंगावर असू द्या.

---

प्रतिसाद:

स्पष्ट लिहितो, राग नसावा. अडीच वर्षांच्या मुलाला यातलं काहीही लक्षात राहणार नाही. होक्काइदोचा खर्च वाचवून तोक्योतच चार दिवस जास्त राहा. बर्फच हवा असेल तर मनाली आहे.

---

प्रतिसाद:

वरच्यांशी असहमत. त्याच्या लक्षात राहणार नाही, पण त्याच्या आईच्या राहील ना! आणि सहा वर्षांचीला तर सगळं आठवेल.

बाबागाडीबद्दल: ओदोरीत नेऊ नका. तुडवून घट्ट झालेला बर्फ, त्यावर काचेसारखा थर, चाकं फिरतच नाहीत. गर्दीला एका दिशेने चालवतात, मधेच थांबून गाडी फिरवायलाही जागा नसते. पाठीवर किंवा पोटाशी बांधायचं कॅरियर न्या. स्थानिक आईबाप मुलांना प्लास्टिकच्या स्लेजवर बसवून दोरीने ओढत नेतात, ते गल्लीत आणि बागेत झकास, उत्सवाच्या गर्दीत नाही. गाडी हॉटेलवर असू द्या कारण ती जमिनीखाली उपयोगी पडेल. साप्पोरो स्टेशन ते ओदोरी आणि पुढे सुसुकिनो असा सलग भुयारी रस्ता आहे, ऊबदार, सपाट, लिफ्टसकट. मुक्काम या पट्ट्यात घेतला की बर्फ नको झाला तेव्हा खाली उतरायचं आणि चालत घरी.

सासूबाईंसाठी बुटांवर चढवायचे खिळे असलेले रबरी पट्टे घ्या, तिथल्या छोट्या दुकानांतही मिळतात. आत शिरताना काढायला विसरायचं नाही, गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. रस्ता ओलांडायच्या जागी बारीक खडीच्या पिशव्या ठेवलेली पेटी दिसेल, ती कुणीही उघडून पायाखाली टाकावी म्हणूनच असते. सगळ्यात निसरडं तिथेच, झेब्रा पट्ट्यांवर. छोटी पावलं, गुडघे किंचित वाकवून.

---

प्रतिसाद:

मी जेवणाचं लिहिते, कारण आम्ही घरातले सगळे शाकाहारी आणि तरी जाऊन आलो.

ओदोरीच्या ठेल्यांवर भाजलेला मका आणि लोणी घातलेला उकडलेला बटाटा मिळतो. बटाट्यावर तिकडे खारवलेला स्क्विड घालायची पद्धत आहे, तेव्हा फक्त लोणी हवं असं आधीच सांगा. साप्पोरोचा प्रसिद्ध सूप करी दिसतो भाज्यांचा, पण रस्सा बहुतेक वेळा कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांचा. रामेनचंही तेच. मिसो सूपमध्ये माशांचा अर्क. भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात त्यात आंबट प्लमचा घ्या, तरी वेष्टनावरचे घटक फोनने भाषांतर करून बघा. शहरात भारतीय हॉटेलं आहेत, एक वेळ तिथे निभते.

दुसरी वेळ खोलीत. गरम पाण्याची किटली जवळपास सगळीकडे असते. झटपट उपमा, पोहे, मेतकूट, थेपले, चटणी न्या. शिजवलेल्या भाताचे पॅकेट तिकडे मिळतात, दुकानातल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून आणायचे आणि वर मेतकूट-तूप. आमच्या आजेसासूबाई जपानमध्ये रोज मऊभात खाऊन खूश होत्या. मांसाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या मात्र सामानात टाकू नका, विमानतळावर अडवतात. कढीपत्तासुद्धा नको!

---

धागाकर्ती:

बापरे, किती छान माहिती! सूर्य पाचला मावळतो हे डोक्यातच आलं नव्हतं. मनालीवाल्यांनाही धन्यवाद, सासऱ्यांचं मत तंतोतंत हेच आहे.

त्सुदोमेबद्दल कुणी सांगेल का? एवढं लांब जाण्यासारखं आहे का? आणि ते चिकटवायचे गरम पॅड मुलांना चालतात?

---

प्रतिसाद:

पुन्हा मीच, साप्पोरोवाली. मुलं असतील तर त्सुदोमे आधी आणि ओदोरी नंतर. ओदोरी बघायची जागा आहे, मूल पंधरा मिनिटांत कंटाळतं. पंधरा मीटर उंचीची शिल्पं असतात, भव्यच, पण अडीच वर्षांच्या माणसाला समोरच्यांच्या पँटी तेवढ्या दिसतात. त्सुदोमेत बर्फात लोळता येतं. मेट्रोच्या तोहो लाइनचं शेवटचं स्टेशन साकाएमाची, तिथून पंधरा मिनिटं चालत, उत्सवात बसही असतात. काही घसरगुंड्यांना वयाची-उंचीची अट असते, मुलीला आधी सांगून ठेवा. शिवाय तिथे मोठा बंदिस्त डोम आहे. आत खाणं, बसायला जागा, लहानांचे खेळ. सासूबाई तिथे बसू शकतील. ती जागा दुपारीच बंद होते, म्हणून सकाळी पोचा.

गरम पॅड मोठ्यांनी कपड्यावरून लावावेत, कातडीला कधीच नाही. लहानांना मी लावत नाही. गरम लागतंय हे ते सांगत नाहीत आणि मंद उष्णतेनेही भाजतं. त्यापेक्षा दर अर्ध्या तासाने मानेमागे हात घालून बघा. मान ऊबदार म्हणजे सगळं ठीक. गालांना व्हॅसलीन.

मुक्काम तीन-चार रात्री. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशीच तोक्योत या. हिमवादळात शिन-चितोसेची (साप्पोरोच्या विमानतळाची) विमानं रद्द होतात आणि उत्सवाच्या दिवसांत पुढची सगळी भरलेली असतात. हॉटेल आजच बघा, या आठवड्यातले दर ऐकून चक्कर येते.

---

धागाकर्ती:

हॉटेल घेतलं! ओदोरीच्या भुयारी रस्त्याला लागून, रद्द करता येण्याजोगं. एक दिवस सकाळी त्सुदोमे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर ओदोरी, तिसरा दिवस मोकळा. जमलं तर आसाहियामा प्राणिसंग्रहालयात पेंग्विनांची मिरवणूक, पण मुलाची दुपारची झोप बघूनच. सासूबाईंनी मेतकुटाचं काम अंगावर घेतलंय.

शेवटचं एक विचारते: अडीच वर्षांच्याला बर्फाचे बूट एक नंबर मोठे घ्यावेत की बरोबर मापाचे? जाड मोजे घातल्यावर पाय आवळला तर जास्त गार पडतो असं वाचलंय, आणि मोठे घेतले तर हा चालत्या मेट्रोत काढून फेकणार.